साडेपाच रेणू पाणी

सन १९७२ची ही गोष्ट. त्या वर्षी संस्थेला नवे क्ष-किरण यंत्र मिळाले, जुन्या जिन्याला नवा कठडा मिळाला आणि भांडारातून दिलेले युरेनियम वजनाने वाढले. पहिल्या दोन घटनांचे उद्घाटन झाले. तिसरीची चौकशी झाली.

जमिनीखालच्या धातूंचा अभ्यास करणे हे संस्थेचे काम होते आणि तो अभ्यास करणाऱ्या जमिनीवरच्या माणसांचा हिशेब ठेवणे हेही तिचेच काम होते. पहिल्या कामाला तळमजल्यावरच्या मोजक्या खोल्या पुरत. दुसऱ्याला वरचे सगळे मजले कमी पडत. तळमजल्याच्या अगदी टोकाच्या खोलीत एक संशोधक बाई काम करीत. त्यांना नाव होते, हजेरीपटावर त्या ते रोज लिहीतही. पण सगळे त्यांना स्फटिकबाई म्हणत. पुढे पुढे तर त्या स्वतःही टेलिफोनवर "स्फटिकबाई बोलतेय" असेच म्हणू लागल्या. टेलिफोन तेव्हा अख्ख्या मजल्याला एकच होता आणि तो वाजला की निम्म्या लोकांचे हातातले काम थांबे, उरलेल्यांचे आधीच थांबलेले असे.

बाईंचे काम ऐकायला सोपे होते. युरेनियम, क्लोरीन आणि पाणी ही मंडळी एका स्फटिकात एकत्र राहतात, तेव्हा कोण कोणाच्या शेजारी बसते, किती अंतरावर, आणि युरेनियमच्या एका अणूमागे पाण्याचे रेणू नेमके किती, एवढे शोधून काढायचे. भांडारातून मिळालेली युरेनियम क्लोराइडची हिरवी, कोरडी भुकटी हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायची, चंबूत हवा शिरू द्यायची नाही, आणि मग वाट पाहायची. हवा लागली की हिरवे द्रावण पिवळे पडे. घाई केली की स्फटिकाऐवजी रवाळ गाळ हाती येई. वाट पाहण्याचे यंत्र संस्थेने अजून घेतलेले नव्हते, त्यामुळे ते काम बाई स्वतः करीत. त्यांनी पिवळे पडलेले चंबू इतके पाहिले होते, की घरी पिवळी साडी नेसणे त्यांनी सोडून दिले होते.

आणि त्या वर्षी एका चंबूच्या तळाशी तो आला. तांदळाच्या दाण्याएवढा, आरपार हिरवा, कडा अशा धारदार की जणू कोणी पट्टी धरून कापल्या आहेत. भोवती त्याची बारीकसारीक भावंडे होती. पण यंत्रावर लावण्याजोगा हा एकच.

घरी सासूबाई रोज दारातच विचारीत, "काय गं, बाळ कसं आहे तुझं?"

"वाढतंय, आई."

"वजन केलंस का?"

"वजन नाही करायचं त्याचं. जास्त हाताळलं तर बिघडतं."

"मग आमच्यासारखंच म्हणायचं," सासूबाई म्हणत. "बरं, आधी हात धू. ते युरेनियम का फियुरेनियम माझ्या स्वयंपाकघरात नको."

बाईंच्या प्रकल्पाची मुदत वर्षाअखेर संपत होती. तोवर हा स्फटिक धड राहिला आणि क्ष-किरण यंत्रावर चढला, तर रचना कळणार होती आणि खोली राहणार होती. नाही तर खोली कठड्याच्या देखभाल विभागाला जाणार होती आणि बाई वरच्या मजल्यावर परिपत्रकांची शुद्धलेखन-तपासणी करायला. आयुष्यभराच्या कामाचे भवितव्य असे तांदळाच्या एका दाण्यावर येऊन टेकले होते.

अशा वेळी वार्षिक पडताळणी आली.

पडताळणीला भांडारप्रमुख स्वतः येत. त्यांना सगळे काका म्हणत. काका तराजू घेऊन जन्माला आले होते अशी संस्थेत वदंता होती. युरेनियम ज्याच्या ताब्यात दिले, त्याच्या खोलीत जाऊन ते पुन्हा जोखायचे, असा नियम होता. बाईंनी वरचे द्रावण काढून घेतले होते, चंबू बंद केला होता. रिकाम्या चंबूचे वजन काकांकडे होतेच. त्यांनी भरला चंबू तराजूवर ठेवला, चष्मा पुसला, पुन्हा ठेवला, पुन्हा पुसला.

"बाई, घोळ आहे. वाढलंय."

"वाढणारच, काका. पाणी आहे ना त्यात."

"कुठंय? मला तर कोरडं ठणठणीत दिसतंय."

"अहो, हलवू नका! पाणी आत बसलंय. स्फटिकाचाच भाग झालंय ते."

"आत बसायला त्याला कुणी सांगितलं?"

"त्याशिवाय तो स्फटिक होतच नाही."

काका स्टुलावर बसले. माणूस मनाने वाईट नव्हता. "हे बघा बाई, कमी भरलं असतं ना, तर मी इथल्या इथे मिटवलं असतं. तुटीला छापील नमुना आहे, तुटीला समिती आहे. सांडलं, उडालं, चिकटलं, काहीही लिहिता येतं. वाढीला काही म्हणजे काही नाही. माझ्या उभ्या नोकरीत या इमारतीत काही वाढलेलं मी पाहिलेलंच नाही." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "थोडं सांडता का?"

"काय?"

"वाढीव तेवढंच हो."

बाईंनी नकार दिला. प्रकरण वर गेले.

वर हिशेब तपासनीस बसत. त्यांचे प्रत्येक वाक्य "मुद्दा असा" या शब्दांनी सुरू होई, म्हणून त्यांना मुद्देसाहेब म्हणत. त्यांच्या खोलीत बैठक भरली. संचालक मधोमध, मुद्देसाहेब उजवीकडे, बाई समोर. काका दाराशी उभे, कारण भांडारप्रमुखाला खुर्ची कोणत्या दर्जाची द्यायची याचा निर्णय प्रलंबित होता.

"मुद्दा असा," मुद्देसाहेब म्हणाले, "की युरेनियम वाढलं. म्हणजे एक तर ते बाहेरून आणलं, नाही तर इथे तयार केलं. बाहेरून आणलं तर तस्करी. तयार केलं तर विनापरवाना उत्पादन."

"साहेब, युरेनियम तेवढंच आहे. वाढलंय ते पाणी."

"कुठून आलं?"

"आम्लातून. आम्ल म्हणजे बरंचसं पाणीच असतं."

मुद्देसाहेबांनी पाने उलटली. त्यांचा चेहरा उजळला. "मुद्दा असा, की ते आम्ल आपण केव्हाच निर्लेखित केलंय. खर्ची पडलं. जे खर्ची पडलं, ते अस्तित्वात नाही. आणि जे अस्तित्वात नाही, त्याला वजन कसं असेल?"

"कागदावर नसेल. चंबूत आहे."

"चंबू माझ्या अखत्यारीत येत नाही."

संचालकांनी घसा खाकरला. ते मार्ग काढण्याबद्दल प्रसिद्ध होते; कोणत्याही अडचणीतून ते मार्ग काढीत आणि मागे अडचण तशीच राही. "बाई, पाणी आहे हे सिद्ध करता येईल?"

"येईल ना. क्ष-किरण यंत्रावर लावला की पाण्याचा एकेक रेणू कुठे बसलाय तो हिशेबच मांडता येतो."

"उत्तम! मग लावा."

"मुद्दा असा, की हिशेब न जुळलेला पदार्थ यंत्रावर लावता येत नाही. तसं परिपत्रक आहे."

"कुणी काढलं हे असलं परिपत्रक?" संचालक कडाडले.

"आपणच, साहेब."

मग संचालकांनी मार्ग काढला. पाण्याला पूर्वलक्षी प्रभावाने मंजुरी द्यायची. मंजूर पाणी हिशेबात धरले की हिशेब जुळेल, हिशेब जुळला की यंत्र मोकळे.

"लिहा बाई," ते म्हणाले. "किती रेणू पाणी हवंय?"

"ते यंत्रावर लावल्यावर कळेल."

"मंजुरीशिवाय यंत्र नाही, आणि आकड्याशिवाय मंजुरी नाही."

"अहो, पण आकडा माहीत असता तर यंत्र कशाला लागलं असतं?"

संचालक हसले. वडीलमाणूस लहानाला समजावताना हसतो तसे. "बाई, इथे सगळेच आधी निष्कर्ष लिहून देतात, मग मंजुरी येते, मग सवडीने संशोधन होतं. तुम्हालाच काय सोनं लागलंय?"

संध्याकाळी बाईंनी घरी हा प्रश्न मांडला. वजनावरून अंदाज येत होता. पण स्फटिकांभोवती थोडी ओल होती, त्यामुळे सहा की सात हे छातीठोकपणे सांगता येत नव्हते.

"सात लागणार असतील तर नऊ माग," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांना मी जन्मात खरा आकडा सांगितला नाही, म्हणून तर या घरात कधी काही कमी पडलं नाही."

बाईंचे यजमान शाळेत विज्ञान शिकवीत. त्यांनी वहीतून मान वर केली. "आई, असं काय बोलतेस? हे विज्ञान आहे. माहीत असेल तेच लिहायचं, नसेल तर नाही म्हणायचं. आम्ही मुलांना हेच शिकवतो."

"शिकव बाबा," सासूबाई म्हणाल्या. "पगार त्याचाच मिळतो तुला."

बाईंनी नवऱ्याचे ऐकले. अर्जावर लिहिले, 'सहा किंवा सात'. कार्यालयाने कळवले की 'किंवा' या शब्दाला वजन नसल्याने तो हिशेबात धरता येत नाही. सबब लहान आकडा ग्राह्य धरण्यात येत आहे. पुढे, त्या वर्षी सर्वच मागण्यांत सरसकट दहा टक्के कपात होती. खुर्च्यांत झाली, खडूंत झाली, मग पाण्यानेच काय घोडे मारले होते? सहातून कपात जाऊन पाच पूर्णांक चार उरले. दशांशात रेणू देणे संस्थेच्या इभ्रतीला शोभणारे नाही, म्हणून संचालकांनी स्वतःच्या विशेषाधिकारात तो आकडा वाढवला. आदेश निघाला: "प्रत्येकी साडेपाच रेणू पाणी, अटींना अधीन राहून, मंजूर करण्यात येत आहे. सदर पाण्याचा वापर अन्य प्रयोजनासाठी करता येणार नाही."

बाई आदेश घेऊन वर धावल्या. "अर्धा रेणू म्हणजे काय, साहेब?"

"अर्धा पेला पाणी तुम्ही कधी प्यायला नाहीत?" मुद्देसाहेब म्हणाले.

"रेणू मोडला तर ते पाणीच राहत नाही! दोघांत मिळून एक असं काही स्फटिकांत असतं, नाही असं नाही, पण ते स्फटिकानं ठरवायचं असतं."

"दोघांत एक!" मुद्देसाहेबांना प्रथमच रसायनशास्त्रात रस वाटला. "म्हणजे सामायिक नळ! मुद्दा असा, की मग अडचण कुठे आली? सांगा त्यांना, वाटून घ्या म्हणावं."

आता फक्त स्फटिकाने आदेशाचे पालन करायचे बाकी होते.

त्यासाठी एक छोटी सभा ठेवण्यात आली. संस्थेच्या इतिहासात पाण्याला प्रथमच मंजुरी मिळाली होती, त्याबद्दल बाईंचे अभिनंदन होणार होते. हजर राहणे सक्तीचे होते. संचालक पाण्याच्या महत्त्वावर बोलू लागले. पाणी हेच जीवन, इथून त्यांनी सुरुवात केली तेव्हाच बाईंनी घड्याळ पाहायचे सोडून दिले. शेवटी तेच वाक्य पुन्हा येणार हे सगळ्यांना ठाऊक होते.

ते येण्याआधी काका आले. घामाघूम, बाह्या वर केलेल्या, चेहरा आनंदाने फुललेला. "जुळलं!" ते दारातूनच ओरडले. "बाई, जुळलं! तुम्ही इकडे अडकलात, म्हटलं आपणच करून टाकू. वाळवणीच्या निर्वात भट्टीत ठेवलं. मंद आच हो, घाई नाही केली. थोडं वाळवायचं, जोखायचं, परत ठेवायचं. बरोबर साडेपाचला आणून सोडलंय. तसूभर फरक नाही!"

टाळ्या पडल्या. बाई जिन्यावरून खाली धावल्या. नव्या कठड्याचा तो पहिला खरा उपयोग.

चंबूच्या तळाशी फिकट हिरवी भुकटी होती. स्फटिकाला घर धरून ठेवायला जे पाणी लागत होते, ते गेले तसे भिंती खाली आल्या होत्या. कडा नाहीत, आरपार नाही, तांदळाचा दाणा नाही. वजन मात्र हुबेहूब.

काका मागोमाग आले होते. शाबासकीची वाट पाहत उभे होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. ज्या माणसाने उभ्या नोकरीत पहिल्यांदाच कोणासाठी आपणहून घाम गाळला, त्याला काय म्हणणार? "बरं केलंत, काका," एवढेच त्या म्हणाल्या, आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

यंत्र वापरण्याची परवानगी त्याच दिवशी आली. स्फटिक नव्हता, पण परवानगी अगदी परिपूर्ण होती.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी सुनेला हात धुवायला सांगितले नाही. त्यांनी स्वतःच तांब्या घेतला आणि तिच्या हातांवर पाणी ओतले. मग म्हणाल्या, "भुगा आहे ना पण? टाकून तर नाही ना दिला?"

"आहे."

"मग रडतेस काय? विणकाम बिघडलं तर उसवून परत घालतो आपण. लोकर तीच असते."

बाईंनी दुसऱ्या दिवशी भुकटी पुन्हा आम्लात विरघळवली, चंबूतली हवा काढली, आणि पुन्हा वाट पाहायला बसल्या. या वेळी एक गोष्ट त्यांच्या बाजूची होती. हिशेब जुळून प्रकरण बंद झाले होते. बंद प्रकरणातल्या वस्तूला संस्थेत जी शांतता लाभे, ती संचालकांनाही लाभत नसे. कोणी विचारायला आले नाही, कोणी जोखायला आले नाही. हिरव्या द्रावणाच्या तळाशी पुन्हा एक धारदार कड उगवली, मग दुसरी. एकदा काका खोलीपाशी थबकले, चंबूकडे पाहिले, वाढलेला दाणा पाहिला आणि घाईघाईने छताकडे बघू लागले.

"मला काही दिसलेलं नाही, बरं का बाई. मी वजनच केलेलं नाही."

मुदत संपण्याआधी बाईंनी तो स्फटिक, भुकटीसाठी मिळालेल्या परवानगीवर, यंत्रावर चढवला. फिल्मवर ठिपके उमटले. तेव्हा आकडेमोड हाताने चाले. बाई आठवडेच्या आठवडे आकडे मांडत राहिल्या, आणि एका दुपारी सगळी मंडळी आपापल्या जागी बसलेली दिसली. युरेनियम मधोमध, भोवती क्लोरीन, त्यांच्यामध्ये पाणी. पाण्याचे रेणू सात. सातवा जरा बाजूला, युरेनियमला न चिकटता, दारात थबकलेल्या पाहुण्यासारखा. पण तो होता म्हणून घर उभे होते.

त्या दिवशी घरी सणच झाला. सासूबाई शेजारणींना सांगत सुटल्या, "सात! आमच्या सुनेनं मोजले!" यजमानांनी दुसऱ्या दिवशी शाळेत धडा बाजूला ठेवला आणि मुलांना अख्खी हकीकत सांगितली. "सात, लक्षात ठेवा," फळ्यावर मोठा आकडा काढून ते म्हणाले.

संचालकांनी मात्र अहवाल वाचून डोक्याला हात लावला. "सात? मंजूर साडेपाच आहेत, बाई! वरचा दीड रेणू कुठून आणू? सात खरे असतील, तर मागे जुळला तो हिशेब खोटा ठरतो. मग जुळवला कुणी? काकांनी. म्हणजे त्यांची चौकशी आली. निवृत्तीला आलेला माणूस. बोला, लावू चौकशी?"

"नको, साहेब."

"मार्ग काढू," संचालक म्हणाले. "मजकुरात साडेपाच. खाली तळटीप: 'प्रत्यक्षात सात आढळले.' विज्ञानही राहील, काकाही राहतील."

बाईंनी काकांचा घामेजलेला चेहरा आठवला आणि मान डोलावली. अहवाल छापायला गेला. छपाईच्या कागदातही त्या वर्षी दहा टक्के कपात होती. पानाच्या वरचा मजकूर कापणे बरे दिसले नसते, म्हणून खालचा कापला.

पुढे सगळ्यांचे रीतसर झाले. संचालकांना दीड रेणू वाचवल्याबद्दल पाणीबचतीचे मानपत्र मिळाले. ते घेताना ते पाण्याच्या महत्त्वावर बोलले. मुद्देसाहेब निवृत्त झाल्यावर त्यांच्या पायांवर सूज आली. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणी साठलंय, तेव्हा "कुणाच्या मंजुरीनं?" असे त्यांनी विचारले म्हणतात. पण लोक काय, काहीही म्हणतात. काका निर्मळ सेवापुस्तक घेऊन घरी गेले आणि उरलेली वर्षे भाजीवाल्यांशी वजनावरून भांडत सुखाने जगले. सासूबाई नव्वदीच्या घरात गेल्या. शेवटच्या आजारात डॉक्टरांनी "कितपत दुखतंय?" विचारले, तर त्यांनी चौपट सांगितले आणि सुनेकडे बघून डोळा मिचकावला. स्फटिकबाई त्याच खोलीतून निवृत्त झाल्या. तो स्फटिक बंद चंबूत बरीच वर्षे हिरवागार होता. पुढे कोणीतरी मोजदादीसाठी बूच उघडले आणि तो पिवळा पडला.

अहवालातला आकडा मोठ्या पुस्तकात गेला, तिथून शाळेच्या पुस्तकात उतरला. बाईंच्या यजमानांकडे वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायला आले. सगळ्या वर्गाने 'साडेपाच' लिहिले होते. एका मुलीने लिहिले होते, 'सात'. तिला ते आठवणारच. फळ्यावर आकडा काढून सरांनीच दरवर्षीप्रमाणे सांगितले होते. सरांनी लाल पेन हातात धरून पुष्कळ विचार केला. नमुना उत्तरात साडेपाच होते. त्यांनी अर्धा गुण कापला.

मुलीच्या घरून तक्रार आली नाही. घर चांगले होते, शिकलेले होते. आईने तिला जवळ घेऊन समजावले, "बाळा, खरं काय ते आपण मनात ठेवावं. पेपरात पुस्तकातलंच लिहावं."

ही आई कोण, हे विचारण्यात अर्थ नाही. आपल्या घरात डोकावून पाहिले तरी पुरे.